पाण्याच्या वाटेने

कोकणातील जुनी बंदरे समुद्राकडे तोंड करून वसली आहेत. त्यांचे खरे रूप पाहावयाचे असेल, तर पाण्याच्या वाटेनेच जावे. विसाव्या शतकात मुंबईहून निघालेल्या आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात. अनेक ठिकाणी आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात बसून किनारा गाठीत. त्या नियमित फेऱ्या पुढे बंद पडल्या. परंतु खाडी ओलांडणाऱ्या बोटी आजही प्रवाशास ती जुनी दृष्टी देतात.

वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर दाभोळ आहे. समोरच्या धोपावे गावाहून फेरीबोटीने येताना किनाऱ्याजवळील सतराव्या शतकातील मशिदीचा घुमट दृष्टीस पडतो. बहामनी व आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. समुद्रापारचे घोडे येथे उतरत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे नगर जाळले. तरीही दाभोळ पुन्हा उभे राहिले.

दाभोळ सोडून दक्षिणेस बरेच अंतर गेल्यावर जैतापूरची खाडी लागते. पूर्वी भरतीबरोबर गलबते या खाडीतून आत राजापूरकडे जात. सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी शत्रूस तोफांचे साहाय्य केले, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी करून त्यांना कैद केले. असे हे नांदते बंदर कोणत्याही शत्रूने बुडविले नाही. डोंगरावरील माती दर पावसाळ्यात नदीतून वाहत आली, खाडी उथळ झाली आणि मोठ्या गलबतांची वाट बंद झाली. ज्या पाण्याने वैभव आणले, त्याच पाण्याने गाळही आणला!

आणखी दक्षिणेस वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. खाडीत आत गेले, की आंग्रे यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी दिसते. १७५६ मध्ये येथेच इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले.

बंदराचे भाग्य केवळ तटबंदीवर अवलंबून नसते. तटाची डागडुजी करता येते. पण खाडीची खोली राखण्यासाठी दूरच्या डोंगरावरील झाडीही राखावी लागते. गाव समुद्रकाठी असले, तरी त्याच्या रक्षणाचा आरंभ डोंगरमाथ्यावर होतो.

स्वाध्याय
१. राजापूर बंदराचे महत्त्व कशामुळे कमी झाले?
२. ‘गावाच्या रक्षणाचा आरंभ डोंगरमाथ्यावर होतो’ हे विधान स्पष्ट करा.