संगमावरचे चांगदेव

तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते व पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते. वाटेत, जळगाव जिल्ह्याच्या मुक्ताईनगर तालुक्यात, वऱ्हाडातून आलेली पूर्णा तिला भेटते. या संगमावर चांगदेव नावाचे लहानसे गाव वसले आहे.

गावाचे नाव योगी चांगदेवांवरून पडले. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याची कथा तुम्ही ऐकली असेल. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास ते बसले, पण मायना सुचेना. ज्ञानेश्वर वयाने लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ते थोर! शेवटी त्यांनी कोराच कागद धाडला. त्याचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या रचल्या. तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईस गुरू केले. ती तेव्हा तुमच्याहून फारशी मोठी नव्हती. तालुक्याच्या गावाचे जुने नाव एदलाबाद. आज ते तिच्याच नावाने ओळखले जाते.

संगमाकाठी चांगदेवांचे दगडी देवालय आहे. त्याच्या भिंतींवर सुरेख कोरीव काम आहे, परंतु माथ्यावर शिखर नाही. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. यात्रेकरू संगमात स्नान करतात, चांगदेवांचे दर्शन घेतात आणि जवळच्या कोथळीस मुक्ताईच्या दर्शनाला जातात.

यात्रा सरली, की गाव पुन्हा शेतात रमते. येथील काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी पिकते; पण या भागाचे खरे धन म्हणजे केळी. न्याहारीला ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत असले, म्हणजे खानदेशी मनुष्य तृप्त होतो. केळीच्या खोडात लाकूड नसते. पानांचे देठच एकावर एक गुंडाळून ते बनलेले असते. त्यामुळे घड भरत आले, की बागायतदाराच्या जिवाला घोर लागतो. वैशाखातील एखाद्या वादळाने अर्ध्या घटकेत वर्षाची मेहनत आडवी होते.

नदीचेही रूप पालटले आहे. खालच्या अंगास हतनूर येथे तापीवर धरण बांधले गेले. ते १९८२ साली पूर्ण झाले. पूर्वी जेथे पाणी खळाळत असे, तेथे आता धरणाचा फुगवटा पसरतो. हिवाळ्यात त्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. पावसाळ्यात मात्र मेळघाटाकडे मुसळधार पाऊस झाला, की गावावर ऊन पडलेले असतानाही दोन्ही नद्या चढू लागतात. मग हतनूरचे ४१ दरवाजे गरजेप्रमाणे उघडले जातात, आणि पाणी उतरेपर्यंत काठावरचे शेतकरी गुरे उंचवट्यावर बांधून ठेवतात.