काढलेला अधिकार लगेच का संपत नाही?

प्रश्न : झेड/ओएसवरील आयबीएम एमक्यूमध्ये एका वापरकर्त्याचा रॅकफ या सुरक्षा-प्रणालीतला अधिकार काढला, तरी तो रांगेत संदेश टाकू शकतो. असे का?

उत्तर : एमक्यू तपासलेले अधिकार स्मृतीत जपून ठेवते. ‘टाइमआउट’ (मूळ मूल्य 54 मिनिटे) इतका काळ न वापरलेल्या नोंदी, दर ‘इंटरव्हल’ला (12 मिनिटे) होणाऱ्या तपासणीत काढल्या जातात. सतत काम करणाऱ्याची नोंद मात्र टिकून राहते. म्हणून अधिकार काढताच त्या वापरकर्त्यासाठी ‘आरव्हेरिफाय सिक्युरिटी’ ही आज्ञा द्याच.

टाइमआउट व इंटरव्हलची मूल्ये ‘ऑल्टर सिक्युरिटी’ने बदला, ‘डिस्प्ले सिक्युरिटी’ने पडताळा. इंटरव्हल शून्य ठेवू नका. नाहीतर नोंदींची मुदतच संपणार नाही. मूल्ये फार कमी केलीत, तर रॅकफवरचा भार वाढेल. एमक्यूचा क्यू मॅनेजर पुन्हा सुरू झाल्यावर मूळ मूल्ये परततात. त्यामुळे ‘ऑल्टर सिक्युरिटी’ची आज्ञा सीएसक्यूआयएनपी1 या आरंभ-संचात लिहून ठेवा.