बुडबुडे दिसतात, मग वायू गेला कुठे?

प्रश्न : माझ्याकडे ६० लिटरचा फिशटँक आहे. त्यातल्या रोटाला आणि इतर वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून साखर-यीस्टची बाटली जोडली आहे. तो पाण्यात नीट विरघळावा म्हणून एका दुकानदाराने सिरॅमिक चकतीचा काचेचा डिफ्युझर सुचवला, दुसऱ्याने पाइपात बसणारा अॅटमायझर. मित्र म्हणतो, रिअॅक्टरच घे. काय घेऊ? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुकानात टाकीभर बारीक बुडबुड्यांचा धूर उठताना दिसला की आपण खूश होतो. पण जो बुडबुडा डोळ्यांना दिसतो, तो अजून विरघळलेला नसतो. पाण्याच्या वर पोचून फुटला की त्यातला वायू तुमच्या दिवाणखान्यात गेला. त्यामुळे बुडबुडे किती निघतात याला फारसा अर्थ नाही. त्यातला वायू वर पोचण्याआधी पाण्यात किती मुरतो, हे पाहायचं.

ते दोन गोष्टींवर ठरतं : पाण्याला लागणारा पृष्ठभाग आणि संपर्काचा वेळ. ४ मिलिमीटरचा एक बुडबुडा फोडून ०.४ मिलिमीटरचे हजार केले, तर वायू तेवढाच राहतो, पण पृष्ठभाग दहापट होतो. शिवाय बारीक बुडबुडा वरही सावकाश चढतो. चकती आणि अॅटमायझर हेच करतात. रिअॅक्टरची रीत वेगळी. त्याच्या नळीत पाणी वरून खाली येतं आणि बुडबुडा वर जायला धडपडतो, म्हणून तो आतच अडकून विरघळत राहतो. वाया जवळजवळ काही जात नाही आणि टाकीतलं पाणीही नितळ दिसतं. मात्र त्याला कॅनिस्टर फिल्टर लागतो आणि फिल्टरचा प्रवाह थोडा मंदावतो. मोठ्या टाकीसाठी मी डोळे झाकून रिअॅक्टरच सांगेन. ६० लिटरला तो उगाच पसारा होईल.

आता तुमची खरी अडचण. अॅटमायझरच्या बारीक छिद्रांतून वायू ढकलायला साधारण २ बारचा दाब लागतो. तो सिलिंडर आणि रेग्युलेटरनेच मिळतो, यीस्टच्या बाटलीचं ते काम नाही. तेव्हा बाटलीच ठेवणार असाल, तर बुडबुडा वळणावळणाने वर चढवणारी प्लॅस्टिकची शिडी घ्या. दिसायला ओबडधोबड, पण दाब मागत नाही आणि तुंबतही नाही. चकती तुंबली तर बाटली फुगून फुटू शकते, आणि त्या आंबूस पाण्याचा वास घरच्यांना बराच काळ आठवतो. यीस्टचा दुसरा दोष म्हणजे उन्हाळ्यात ते उधळतं, थंडीत सुस्तावतं, आणि रात्री बंदही करता येत नाही. अंधारात वनस्पती हा वायू घेत नाहीत, उलट सोडतात.

म्हणून माझं मत असं, की पैसे खर्चायचेच तर आधी सिलिंडर, चांगला रेग्युलेटर आणि वीज बंद होताच वायू थांबवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह यांवर खर्चा. नळीत चेक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर टाकीतलं पाणी उलटं रेग्युलेटरमध्ये शिरतं. त्यावर साधी सिरॅमिक चकती तुमच्या टाकीला पुरेल. ती तळाशी, फिल्टरचा झोत बुडबुड्यांना आडवा ढकलत नेईल अशी लावा. चुकीच्या कोपऱ्यात लावलेली महागडी चकतीही फुकट. शेवाळाने छिद्रं बुजली की पातळ ब्लीचमध्ये भिजवा आणि क्लोरीन पूर्ण जाईपर्यंत धुवा.

प्रमाण ठरवायला ड्रॉप चेकर घ्या. त्यात टाकीतलं पाणी घालायचं नाही, ४ डीकेएच (कार्बोनेट क्षारतेचं माप) असलेलं तयार द्रावण आणि रंगद्रव्य घालायचं. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, म्हणून घाईने वायू कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह फिरवत बसू नका. दिवे लागण्याच्या तासभर आधी वायू सुरू करा आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर रंग कोणताही असो, वायू लगेच बंद करून एअरपंप लावा.

टाकीत नुसते अनुबियस आणि जावा फर्न, म्हणजे जादा वायूवाचून भागणाऱ्या वनस्पती असत्या, तर यातलं काहीच घेऊ नका म्हटलं असतं. रोटाला मात्र हा खर्च वसूल करून देते.