सिंगापूरचा पहिला महिना: खोलीचं भाडं, हॉकरचं जेवण

सिंगापुरात खोली शोधायला बसलात की भाड्याच्या आकड्याखाली एक ओळ हमखास दिसते: ‘नो कुकिंग’. तिची सौम्य बहीण म्हणजे ‘लाइट कुकिंग ओन्ली’. लाइट म्हणजे मॅगी, उकडलेलं अंडं, फार तर राइस कुकरमधला भात. मोहरी तडतडली आणि मिरचीचा ठसका घरमालकाच्या दिवाणखान्यात पोचला की ते ‘हेवी’ झालं. पुण्या-नाशिकहून पहिली नोकरी धरून निघालेली मुलं इथेच अडतात आणि फोडणीची मुभा असलेल्या खोलीसाठी महिन्याला शे-दोनशे डॉलर जादा द्यायला तयार होतात. माझं ऐकाल तर पहिले सहा महिने तरी देऊ नका. इथले नोकरदार रोजचं जेवण सर्रास खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर उरकतात, आणि ते तिथे कसं उरकायचं हे एकदा कळलं की घरी रांधण्याहून फारसं महाग पडत नाही.

पुढचे सगळे डॉलर सिंगापूरचे. रुपयांत गुणाकार करायचाच असेल तर सत्तरने करा. पहिले आठ दिवस कराल, मग आपोआप सुटेल. सुटलेलाच बरा, नाहीतर साधी कॉफीही घशाखाली उतरत नाही.

किल्ली हातात येईपर्यंत

सरकारी वसाहतीत, म्हणजे एचडीबीच्या इमारतीत, सामाईक न्हाणीघराची साधी खोली साधारण ८०० ते १,२०० डॉलरला मिळते. स्वतःचं न्हाणीघर असलेली ‘मास्टर रूम’ १,२०० ते १,६००. पोहण्याचा तलाव असलेल्या खासगी संकुलात, म्हणजे काँडोत, याहून वर.

१,१०० ची खोली वर्षाच्या कराराने घेतली असं धरू. एक महिन्याचं भाडं आगाऊ, एक महिन्याचं अनामत, तुम्ही एजंट लावला असेल तर अर्ध्या महिन्याचं कमिशन ५५०, आणि करारावरचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, म्हणजे ५२ डॉलर. हे शुल्क भाडेकरूनेच भरायचं असतं. बेरीज झाली २,८०२ डॉलर. म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये गेले आणि पहिला पगार अजून महिनाभर लांब. निघताना खाण्याफिरण्याचे धरून ४,००० डॉलरची तजवीज करा.

एजंटला पहिल्याच फोनवर विचारा, तुम्ही माझे की मालकाचे? एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचं काम घेणं त्याला कायद्याने मना आहे. त्याचं नाव सीईए या नियामक संस्थेच्या यादीत आहे का, हेही दोन मिनिटांत तपासता येतं. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवायचा नाही. एचडीबीची खोली सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने देता येत नाही, आणि खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने. त्यामुळे ‘दोन महिन्यांसाठी एचडीबीत राहा’ म्हणणारा गोड माणूस तुम्हाला बेकायदा भाडेकरू करतोय.

करारात एसीची ओळ शोधा. वीज एका युनिटला तीस सेंटच्या आसपास पडते, म्हणून बरेच मालक ‘रात्री नऊ ते सकाळी सात’ अशी वेळ बांधून देतात किंवा बिलाला मर्यादा घालतात. एसीची सर्व्हिसिंग कोणी करायची, किरकोळ दुरुस्तीचे पहिले किती डॉलर तुमच्या माथी, हेही तिथेच लिहिलेलं असतं. विषुववृत्ताला चिकटलेल्या गावात या ओळी भाड्याइतक्याच महत्त्वाच्या.

मेट्रोपासून खोली किती लांब हे सगळेच बघतात. मी सांगेन, सगळ्यात जवळचं हॉकर सेंटर किती लांब ते आधी बघा. दहा मिनिटं चालण्यापलीकडे असेल तर खोली सोडा. तोआ पायो, आंग मो किओ, बेडोक या जुन्या वसाहती त्या बाबतीत श्रीमंत आहेत.

कोपऱ्यावरचं स्वयंपाकघर

हॉकर म्हणजे फेरीवाला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथेही हातगाड्यांवरच खाणं विकलं जाई. साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली, आणि १९८६ पर्यंत त्यांना नळ, गटार, छप्पर असलेल्या केंद्रांत बसवलं. आज अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. यादीचं सोडा. मध्ये टेबलं, भोवती ओळीने गाळे, वर गरगरणारे पंखे, आणि चार-पाच डॉलरमध्ये पोट भरतं. चायनाटाऊनच्या केंद्रात तर दोनशेहून जास्त गाळे आहेत.

तोच पदार्थ खासगी ‘कॉफी शॉप’मध्ये, म्हणजे कोपितियाममध्ये, पन्नास सेंट ते डॉलरभर महाग पडतो. मॉलमधल्या थंडगार फूड कोर्टात आणखी दोनेक डॉलर चढतात. चव बहुतेक वेळा उलट्या क्रमाने उतरते.

दिवसाची सुरुवात कोपीने. कापडाच्या लांब गाळणीतून काळी कॉफी कपात पडते, तळाशी पांढरं कंडेन्स्ड मिल्क बसलेलं असतं, ते आपण ढवळायचं. बिया साखर आणि मार्गारीनमध्ये भाजलेल्या असल्याने वास करपलेल्या कॅरॅमलचा. फिल्टर कॉफीची सवय असेल तर पहिला घोट विचित्र लागतो, चौथ्या दिवशी आठवण यायला लागते. ऑर्डर देण्याची एक बाराखडी आहे. नुसतं ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्कवाली, ‘कोपी ओ’ म्हणजे साखर आहे पण दूध नाही, ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणजे दोन्ही नाही, ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध आणि साखर. शेवटी ‘सिऊ दाई’ जोडलं की गोड कमी, ‘पेंग’ जोडलं की बर्फ. कोपीच्या जागी ‘ते’ म्हटलं की चहा. मधुमेह असलेल्यांनी ‘कोसोंग’ हा शब्द विमानातच पाठ करावा. दर दीड डॉलरच्या आतबाहेर. गल्ल्यावरच्या माणसाला ‘अंकल’, बाईंना ‘आंटी’ म्हणायचं; ही पद्धत तुम्हाला शिकवायला नकोच.

सोबत काया टोस्ट. नारळ, अंडं, साखर आणि पांदानच्या पानांचा मुरंबा, त्यात थंड लोण्याचा जाड काप. बशीत दोन अर्धकच्ची अंडी, वर सोया सॉस आणि मिरपूड. नसेल रुचत तर तमिळ गाळ्यावर साधा थोसै दोन डॉलरच्या आसपास मिळतो. थोसै म्हणजे आपला डोसाच. तिथेच पराठ्याचा भाऊ, रोटी पराटा, एक नग सव्वा-दीड डॉलरला, सोबत वाटीभर रस्सा.

दुपारी चिनी गाळ्यावरचा ‘चाय पंग’ हा सर्वांत शहाणा सौदा. भात आणि काचेमागे मांडलेल्या वीस-पंचवीस भाज्या-कालवणांतल्या बोट दाखवून मागितलेल्या तीन. एक मांस आणि दोन भाज्या घेतल्या तर साधारण साडेचार-पाच डॉलर. फक्त मासे आणि कोळंबीकडे बोट दाखवण्याआधी भाव विचारा, ताटाचा हिशेब तिथेच फिरतो. चिकन राइस चार ते पाच, लाक्सा किंवा नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, चार ते सहा. कोकणातल्या माणसाला लाक्सा परका वाटणारच नाही: नारळाचा रस, वाटलेली मिरची आणि मागे सोड्यांचा वास. सांबाल बेलाचान या चटणीचा डबा उघडला की जवळ्याची चटणी आठवते, कारण कुळी तीच.

शाकाहारी माणसाची मात्र इथेच फसगत होते. ‘नो मीट’ म्हटलं की भाजी मिळते, पण तिच्यात सोड्यांची पूड, ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी असू शकते. पोपिया, रोजाक, चार क्वे तिआव ही नावं निरागस दिसतात, तशी ती नाहीत. उपाय सोपा आहे. बहुतेक केंद्रांत एक चिनी शाकाहारी गाळा असतो. पाटीवर ‘व्हेजिटेरियन’ आणि चिनी लिपीत दोन अक्षरं. हे बौद्ध परंपरेचं शाकाहारी जेवण असतं, म्हणून त्यात बहुधा कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या आईला हे कळवा, तिचा जीव निम्मा हलका होईल. अंड्याचं तेवढं विचारून घ्या. सकाळी तिथे मिळणारी ‘बी हून’, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या शेवया, तीन-चार डॉलरला. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी या गाळ्यासमोर अचानक रांग लागते, कारण इथल्या चिनी बौद्धांपैकी बरेचजण त्या दिवशी मांसाहार टाळतात. एकादशीला उपवासाच्या थाळीला लागते तशीच.

तर न्याहारी ३, दुपार ५, रात्र ६. दिवसाला १४, महिन्याला ४२०. शनिवार-रविवारची चैन धरून साडेपाचशे ठेवा.

दोन-तीन रीती सांभाळा. सुटे पैसे हवेत: बऱ्याच गाळ्यांवर रोख किंवा ‘पेनाऊ’, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची इथली सोय, चालते; भारतीय कार्ड चालेलच असं नाही. पेनाऊला इथलं बँक खातं लागतं, आणि खात्याला परदेशी नागरिकाचा फिन क्रमांक. तोवर दोन, पाच, दहाच्या नोटा खिशात. घरी न्यायचं असेल तर डब्याचे तीसेक सेंट वेगळे. खाल्लेला ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. २०२१ पासून ते सक्तीचं आहे, पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड. ट्रे ठेवायच्या घडवंच्या अनेक ठिकाणी हलाल आणि बिगरहलाल अशा दोन असतात, पाटी वाचून ठेवा. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते विसरलेलं नाही, जागा धरलेली आहे. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच हे.

खिसा कुठे कापला जातो

पहिल्या आठवड्यात घरची आठवण अनावर झाली म्हणून मी एका बऱ्यापैकी हॉटेलात एकटाच जेवायला गेलो. बसल्याबसल्या वेटरने ओला रुमाल आणि शेंगदाण्यांची वाटी ठेवली. मला वाटलं, काय हे आदरातिथ्य! बिलात दोन्ही होते, मिळून चार डॉलर. इथल्या बऱ्याच हॉटेलांत हा रिवाज आहे. नको असेल तर आल्याआल्या परत द्यायचं, कुणी वाईट मानत नाही. मेनूत किमतीपुढे ‘++’ दिसलं तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी चढतो. म्हणजे २० डॉलरची थाळी २३ डॉलर ९८ सेंटची. हॉकरच्या पाटीवरचा आकडा मात्र तोच शेवटचा. टिप दोन्हीकडे अपेक्षित नाही.

लिटल इंडिया या भारतीय वस्तीत जाऊच नका असं म्हणत नाही. आनंद भवन १९२४ पासून आणि कोमला विलास १९४७ पासून तिथे आहे, महिन्यातून दोनदा जाऊन पोटभर जेवा. रोज भारतीय थाळी शोधत फिराल तर मात्र खाण्याचा खर्च दुप्पट होईल. दुसरी गळती बिअरची: कोपितियाममधली मोठी बाटली आठ-नऊ डॉलर, म्हणजे दोन जेवणं.

प्रवासाचं ओझं नाही. मेट्रो-बसचं एकेक तिकीट अंतरानुसार सव्वापासून अडीच डॉलरच्या आसपास, महिन्याला शंभर पुरतात. भारतीय बँकेचं कार्ड थेट टेकवाल तर त्या दिवसाचे साठ सेंट वेगळे लागतात, म्हणून दहा डॉलरचं स्थानिक कार्ड घ्या. त्यात पाच डॉलर प्रवासाला असतात. नळाचं पाणी थेट पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

आयकर पगारातून दरमहा कापला जात नाही, हे कंपनीतही कुणी आवर्जून सांगत नाही. हातात पडणारा पगार बघून माणूस हुरळतो आणि पुढच्या वर्षी एकरकमी बिल येतं. इथल्या रहिवाशाचं करपात्र उत्पन्न वर्षाला ६०,००० डॉलर असेल तर कर १,९५० डॉलर. दरमहा १६५ बाजूला टाका. बँकेतून बारा हप्त्यांत, बिनव्याजी भरायची सोय आहे.

बॅगेत काय

सहा महिन्यांनी फोडणीची खोली घेतलीत तर लिटल इंडियातल्या टेक्का बाजारात कोथिंबीर, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, ताजं मटण मिळतं. मुस्तफा या मोठ्या दुकानात पोहे, साबुदाणा, डाळी, कणीक सगळं आहे. पाच किलो कणीक दहा डॉलरच्या आसपास. त्यामुळे बॅगेतले किलो डाळ-तांदळात घालवू नका. आईचा गोडा मसाला, मेतकूट आणि लहान कुकर एवढं पुरे. गुटखा, चघळायची तंबाखू, ई-सिगारेट आणि च्युइंगगम आणायला बंदी आहे.

आणि खसखस. तीही इथे अमली पदार्थ विभागाच्या नियमाने निषिद्ध आहे. गोडा मसाला घरी कुटलेला असेल तर त्यात ती घातली आहे का ते विचारा. दिवाळीच्या सुमारास निघणार असाल तर खसखशीचे अनारसे आणि तसल्या सारणाच्या करंज्या विमानतळावर जाण्याआधीच खाऊन संपवा.