विंडोज १० ठेवू की ११ घेऊ?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेल आय-५ ७२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. सोसायटीचे हिशेब टॅलीवर करतो, बँकेचे व्यवहारही त्यावरच. दुकानदार म्हणतो, विंडोज ११ टाकून देतो. टाकू का?
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : नका टाकू. ७२०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० हा सुरक्षा भाग लागतो. या अटींच्या तपासणीला बगल देऊन ते बसवता येतं, चालतंही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लोकांच्या पैशांचा हिशेब अशा भरवशावर ठेवू नये.

विंडोज १० आहे तसंच वापरत राहणंही धोक्याचं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा, नोंदणीचा पर्याय तिथेच दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागेल. आजच करा.

या मुदतीत नवा लॅपटॉप पाहा. टॅली विंडोजवरचं असल्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स तुमच्या कामाचं नाही. जुन्या लॅपटॉपवर मात्र लिनक्स मिंट छान चालेल, मराठी टायपिंगसकट. घरातल्या मुलांच्या अभ्यासाला तो पुरेसा आहे. लिनक्स टाकण्याआधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.