‘बेजार झालंय’ म्हणजे नेमके काय?

तरुण मुलींमधले नैराश्य ‘नैराश्य’ या नावाने क्वचितच पुढे येते. बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या मराठी घरातली मुलगी ‘बेजार झालंय’ एवढेच म्हणते. मराठीत बेजार म्हणजे त्रासलेला, जेरीस आलेला. कन्नडमधल्या ‘बेजारु’त कंटाळाही येतो आणि दुःखही. घरात मराठी, बाहेर कन्नड बोलणाऱ्या मुलीला यातले काय म्हणायचे आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही. आईला ऐकू येतो तो कंटाळा, आणि ती म्हणते, ‘जरा फिरून ये.’

या ‘बेजार’मागे नैराश्य असेल, तर पहाटे तीन-चारला जाग येते, मग डोळा लागत नाही. वेणी घालायला हात वर करणेही जड जाते. चार दिवसांचा गुंता तसाच राहतो. आवडीचे उप्पीट समोर निवून जाते. पुस्तकाचे एकच पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड झालंय’ अशी तक्रार शरीराची असते, म्हणून गोळ्याही डोकेदुखीच्याच मिळतात. घरचे याला आळस म्हणतात आणि हळूहळू तीही स्वतःला आळशी, निरुपयोगी समजू लागते. ही अपराधी भावना आजाराचेच लक्षण आहे. तिच्या स्वभावाचा दोष नव्हे.

अशी अवस्था दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणे आवश्यक, कारण त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा येतो. बाळंतपणानंतरच्या उदासीकडे तर विशेष लक्ष हवे.

बेंगळुरूच्याच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. उपचार मात्र आहेत. सौम्य आजारात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. औषध लागलेच, तर त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही ते साधारण सहा महिने तरी चालू ठेवावे लागते, मनाने बंद करू नये. पंचविशीच्या आतल्या मुलीत सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढली, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर तिला एकटे न सोडता थेट रुग्णालयात न्यावे. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.