तानपुरा कुठे गेला?

दिवाळी पहाटेच्या मैफलीला अर्धा तास उरला होता आणि तानपुरा काही केल्या वाजेना. वाद्य नव्हे, मोबाइलमधलं अ‍ॅप. हेडफोन लावला की पंचम-षड्ज स्वच्छ ऐकू येई. तीच पिन रॅकमधल्या मिक्सरला लावली की स्पीकरमधून चिलटाएवढाही आवाज नाही. केबल बदलून झाली, दुसरा फोन आणून झाला, चॅनेल बदलला, गेन शेवटापर्यंत फिरवला. गायिका शांतपणे चहा घेत होत्या. घाम फुटला होता तो संयोजकांना. शेवटी फोनच्या स्पीकरसमोर एक माइक ठेवून वेळ मारून नेली.

बिघडलेलं खरं तर काहीच नव्हतं. फोनच्या ईपी पिनवर टोकाला डाव्या बाजूचा आवाज असतो, मधल्या कड्यावर उजव्या बाजूचा आणि मागे ग्राउंड. मिक्सरच्या बॅलन्स्ड पी-३८ इनपुटलाही तीनच जागा असतात, पण तिथे टोक म्हणजे अधिक आणि मधलं कडं म्हणजे उणे. मिक्सर या दोहोंची वजाबाकी करतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे: लांब केबलमध्ये दोन्ही तारांवर सारखीच शिरलेली खरखर या वजाबाकीत उडून जाते. तानपुऱ्याचं अ‍ॅप मात्र डाव्या-उजव्या बाजूंना बहुधा एकच आवाज देतं. डावा वजा उजवा, बाकी शून्य!

लॅपटॉपवरून गाण्याचा ट्रॅक वाजवताना हाच प्रकार आणखी फसवा होतो. गायकाचा आवाज मिक्समध्ये सहसा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. तो गायब होतो. कडेची व्हायोलिनं आणि एको तेवढे उरतात. मग फाइल खराब आहे, पेन ड्राइव्हला व्हायरस लागलाय, असे शोध लागतात. उपाय साधा आहे. एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८ असलेली केबल घ्यायची आणि मिक्सरचे दोन चॅनेल वापरायचे. चॅनेल मोजकेच असतील तर दोहोंपैकी एकच टोक लावावं, तानपुऱ्याला तेवढं पुरतं.

ठाण्यातल्या एका हौशी संगीत मंडळात हे घडलं. तिथला साउंड सांभाळणारे गृहस्थ पेशाने हिशेबनीस. त्या सकाळनंतर त्यांनी एक पद्धत पाडली. नवा मुलगा हाताखाली आला की त्याला आधी केबलची पेटी उपसायला लावायची, मिक्सर नंतर. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप आणि चॅनेलचा आकडा. हे कारकुनी वाटतं खरं, पण रॅक मिक्सरच्या बाबतीत कारकुनीच कामी येते.

कारण या डब्याला चेहराच नसतो. जुन्या पसरट मिक्सरवर फेडरची रांग समोर दिसे. कुठला खाली राहिला ते लांबूनही कळे. एकोणीस इंची रॅकमध्ये बसणाऱ्या, बेरिंजर एक्सआर १८ किंवा साउंडक्राफ्ट यूआय २४आर यांसारख्या डिजिटल मिक्सरवर समोर जोडणीची भोकं असतात आणि बाकी सगळा कारभार टॅबलेटवर. रॅकची उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. जागा वाचते म्हणून लोक खालून वरपर्यंत यंत्रं ठासून भरतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या लगेच वर मिक्सर. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं असतं. मध्ये एक यू मोकळा सोडावा आणि रॅकचं मागचं झाकण कार्यक्रमभर उघडं ठेवावं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती गेनची. गाण्याच्या माइकमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, तर व्यावसायिक लाइन आउटपुटची ठरलेली पातळी १.२३ व्होल्ट, म्हणजे शेकडो पट. तबल्याच्या माइकसाठी लावलेल्या गेनवर कुणी कीबोर्ड खुपसला की काय होतं ते सभागृहातल्या सर्वांना कळतं. त्यात डिजिटल मिक्सरला शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. आवाज तिथे हळूहळू फाटत नाही, थेट कापला जातो. म्हणून फेडरला हात लावण्याआधी गायकाला खरंखुरं तारसप्तक लावायला सांगावं. नुसतं ‘हॅलो, चेक’ ऐकून गेन ठरवू नये, कारण साउंडचेकला गायक हातचं राखून गातात. साधारण पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवली की समेवरच्या जोरालाही जागा उरते.

कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, म्हणजे फँटम पॉवर, हा वेगळा अध्याय. साध्या डायनॅमिक माइकला बॅलन्स्ड केबलवर त्यांचा त्रास होत नाही. पण फोन ईपी-टू-एक्सएलआर केबलने माइक इनपुटला जोडला आणि त्या चॅनेलचं फँटम चालू राहिलं, तर ते ४८ व्होल्ट फोनच्याच दिशेने निघतात. फोन बहुधा पाहुण्यांचा असतो. फँटम चालू-बंद करताना चॅनेल म्यूट हवा, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. तोच धक्का बटणांच्या क्रमानेही बसतो: सुरू करताना मिक्सर आधी आणि अ‍ॅम्प्लिफायर शेवटी, बंद करताना नेमकं उलट.

आता अर्थिंग. लॅपटॉपचा चार्जर लावला की ५० हर्ट्झची घूं सुरू होते, आणि मांडवातला कुणीतरी जाणकार पिनेचा वरचा जाडा पाय काढून टाकतो. घूं थांबते, जाणकार कॉलर ताठ करतो. मात्र यंत्रात कुठे फेज उतरली तर ती जमिनीत जाण्याची वाटच त्याने बंद केलेली असते, आणि माइकची धातूची जाळी गायकाच्या ओठांना लागलेली असते. याबाबत अजिबात भीड ठेवू नये. असा प्लग दिसला की काढायला लावावा. घूं घालवायला डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, नाहीतर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. निम्म्या वेळा तर मिक्सर, लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून घेतले तरी भागतं.

वायफायने मंडळाला एकदा पुरतं छळलं. रिकाम्या हॉलमध्ये टॅबलेट शेवटच्या रांगेतूनही चाले. प्रेक्षक भरले आणि तिसऱ्या गाण्याला पडद्यावर नुसतं चक्र फिरू लागलं. मिक्सरमधला अँटेना रॅकच्या पत्र्यामागे, त्यापुढे माणसांची भिंत, आणि प्रत्येकाच्या खिशात तीच २.४ गिगाहर्ट्झची लहर शोधणारा फोन. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आवाज थांबत नाही, मिक्सर शेवटच्या आज्ञेप्रमाणे चालू राहतो. तेवढ्यात मॉनिटरने शिट्टी मारली तर मात्र हात बांधलेले. आता मंडळाचा वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर स्टँडवर, प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर असतो, आणि रॅकपासून ऑपरेटरच्या टेबलापर्यंत एक लॅन केबलही जाते. त्या टेबलावर लॅपटॉप उघडाच असतो. वायफाय आवडणाऱ्या मुलांना ही केबल ओढणं जुनाट वाटतं. वाटू दे.

पहाटेच्या कार्यक्रमाला कायद्याचीही एक गाठ आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद; बंदिस्त सभागृहाला सूट आहे. म्हणजे मैदानातल्या मैफलीचा साउंडचेक त्याच पहाटे साडेपाचला करता येत नाही. तो आदल्या संध्याकाळी करून मिक्सरमध्ये सीन, म्हणजे सगळ्या सेटिंग्जची नोंद, साठवून ठेवावा लागतो. सीनला तारखेसकट नाव द्यावं आणि मंडळाचे जुने सीन पेन ड्राइव्हवर हलवून टाकावेत. घाईत मागच्या महिन्यातल्या नाटकाचा सीन उघडला, तर त्याच्यासोबत त्या दिवशीचे गेन, फँटम आणि मॉनिटरची वाटणी असं सगळं परत येतं. सकाळी सीन उघडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा. मग एकेक चॅनेलचं मीटर टेपवरच्या आकड्याशी ताडून पाहावं, आणि सगळे जुळले की सहा वाजता अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबावं.